शनिवारच्या आधी

मंगळवारी सकाळी वसुधाच्या संगणकावरच्या तक्त्यात एक ओळ आपोआप उमटली आणि लाल झाली: "सुगंधा, नववा महिना. पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते."

पाड्यांवरच्या आशाताई माहिती फोनवर बोलून, आवाजी निरोपाने पाठवत. आरोग्य केंद्रात वसुधा ते निरोप शनिवारी ऐकून नोंदवहीत उतरवायची. कालच तिने सगळं जोडून दिलं होतं: निरोप आला की यंत्र तो लिहून तक्त्यात भरणार, धोक्याचं लक्षण दिसलं की ओळ लाल करणार. यंत्राला पाड्याची बोली कळेल, यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

डॉक्टरांना हाक मारून तिने सुगंधाच्या पाड्यावरच्या आशाताईंना, मैनाताईंना फोन लावला.

"मैनाताई, गाडी निघतेय. सुगंधाला तयार ठेवा."

"अगं बाई, आजच ऐकलंस? शनिवारपर्यंत थांबायला नको म्हणून मी तर उद्या चालत तुमच्याकडे यायला निघणार होते!"

संध्याकाळी मैनाताईंचा रुग्णालयातून निरोप आला. यंत्राने तक्त्यात लिहिलं, "आवाज समजला नाही."

वसुधाने आवाज मोठा केला. तिने निरोप स्वतः ऐकला. बाळ टाहो फोडून रडत होतं, आणि मागून सुगंधा थकल्या आवाजात म्हणत होती, "द्या हो आता माझ्याजवळ."