नापास आवाज

फोनला मराठी बोली कळाव्यात म्हणून चाललेल्या एका खुल्या प्रकल्पासाठी बुद्धप्रियानं चाकूरला घरी आईचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. आलेले आवाज इतर सदस्य ऐकतात आणि पास-नापास ठरवतात. आईची सगळी वाक्यं नापास झाली. कारण एकच, 'भाषा अशुद्ध'.

बुद्धप्रियाचं डोकंच फिरलं. तिनं प्रकल्पाच्या गटावर लिहिलं, "प्रत्येक बोलीला सारखा मान, हा नियम तुम्हीच केलाय ना? मग आमची मराठवाड्याचीच मराठी का खुपते?" पुण्याच्या सदस्यांशी तर तिचं कडाक्याचं भांडण झालं.

शेवटी प्रकल्प सांभाळणाऱ्या उमाशंकरनं सगळं तपासून तिला फोन केला.

"ताई, ही वाक्यं एकाच सदस्यानं नापास केलीत. तपासणीसाठी तुम्हीच नाव नोंदवलेल्या कोंडाबाईंनी."

कोंडाबाई म्हणजे तिची आई. बुद्धप्रिया तशीच स्वयंपाकघरात गेली.

"आई, ते आवाज तू नापास केलेस?"


"हाव, मीच केले. कोण बाई होती की माय, लई गावंढळ बोलत होती. शाळंत असं बोललं की छडी बसायची आमाला."