टेकडीचा ठराव

नवे बूट चावत होते. गाडी कशेळ्याच्या पुढे निघाल्यापासून प्रबुद्ध सारखे पाय बाहेर काढत होता आणि पुन्हा आत कोंबत होता.

"हर्षलाला म्हटलं होतं, जुनेच बरे आहेत," बूट आणणाऱ्या बायकोच्या नावाने तो पुटपुटला.

पुढे बसलेला किशोर हसला नाही. किशोर म्हणजे पक्षाचा तालुकाध्यक्ष. तो मघापासून एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत होता. आज ग्रामसभेत गावच्या टेकडीवरच्या दगडखाणीचा ठराव झाला, तर आमदारकीचं तिकीट प्रबुद्धचं. नाही झाला, तर वरच्यांनी दुसरा माणूस बघून ठेवलाय. ज्याला स्वतःचं गाव समजावता येत नाही, तो तालुक्याला काय समजावणार?

गंमत अशी की याच टेकडीने प्रबुद्धला पुढारी केलं होतं. त्याच्या पंचविशीत इथे अशीच खाण येणार होती. टेकडी फुटली की खालच्या विहिरी आटतील, असं त्याने घरोघर जाऊन सांगितलं आणि सगळं गाव आणून मुरबाडच्या रस्त्यावर बसवलं. फौजदाराने त्याला जीपवर चढवलं, हातात भोंगा दिला आणि लोकांना उठवायला फर्मावलं. त्याने सांगितलं, उठा, घरी जा. एक माणूस हलला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: जीपवर उभा, हातात भोंगा, पायात चपला नाहीत. तेव्हापासून तो 'अनवाणी प्रबुद्ध'.

अजूनही दर भाषणात तो सांगायचा, माझी माणसं अशी, की त्या दिवशी त्यांनी माझंसुद्धा ऐकलं नाही. टाळ्या ठरलेल्या. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती, की तिचे मूळचे कंगोरे आता त्यालाही आठवत नसत.

खाणीबद्दलचं त्याचं मत मात्र बदललं होतं, आणि ते नुसतं तिकिटासाठी नव्हे. गावची पोरं दिवस उजाडायच्या आत मोटरसायकली काढून साजगावच्या कारखान्यांत कंत्राटावर राबायला जात. त्याच वाटेवर त्याचा पुतण्या कपिल टेंपोखाली आला आणि पायाने कायमचा अधू झाला. तरुणपणी डोंगर दिसतो, पन्नाशीत पोरांची पोटं दिसतात, असं प्रबुद्ध मनाशी म्हणायचा, आणि ते त्याला मनापासून पटलं होतं. तरी आज जिवाला चैन नव्हती. लोक तेव्हासारखेच अडून बसले तर? अडून बसायला त्यानेच तर शिकवलं होतं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडवाच्या तोंडाशीच ठकूबाई भेटली. तेव्हा रस्त्यावर सगळ्यांत आधी बसली ती हीच. अजूनही गावात तिचा हात वर झाला की बायांचे होतात, आणि बायांचे झाले की गड्यांचे.

"जय भीम, आत्या. आज सांभाळून घे मला."

"तुला कवा टाकलंय रं आमी?" म्हातारी व्यासपीठाकडे निरखून बघत म्हणाली. "तुझ्या खुर्चीला खेटून कोन बसलाय त्यो?"

"खाणवाल्या कंपनीचे साहेब. पलीकडे आमच्या पक्षाचा किशोर. आत्या, तू सगळं नीट ऐक, मग ठरव."

"ऐकते की. बघते पन," ती म्हणाली आणि पुढच्या रांगेत जाऊन टेकली.

सुरुवातीला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा होता. व्यासपीठावरच्या सगळ्यांनी पायताणं काढली. हार झाला, मेणबत्त्या लागल्या, साहेबांनी आणि किशोरने पुन्हा बूट चढवले. प्रबुद्धच्या टाचेवर एव्हाना टचटचीत फोड आला होता. एक पाय आत सारताच त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं. बूट तिथेच टाकून तो उठला.

तो बोलला, आणि फार छान बोलला. पोरांच्या नोकऱ्यांचं बोलला, विहिरी जपण्याची हमी लिहून घेऊ म्हणाला. कपिलची गोष्ट सांगितली, तीही अगदी मनापासून. शेवटी हात जोडून म्हणाला, "खाण येऊ द्या. एवढं माझं ऐका."

ठकूबाई मान खाली घालून बसली होती. शेजारणीच्या कानात ती काहीतरी कुजबुजली, ते रांगेतून मागे गेलं. पटतंय तिला, प्रबुद्धला वाटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

ग्रामसेवकाने ठराव वाचला. बाजूने कोण, असं विचारताच कपिलने हात वर केला. त्याच्या वयाच्या दोन-चार पोरांनी केला. बस्स.

विरोधात? ठकूबाईचा हात ताठ वर गेला. मग बायांचे. मग सगळ्या पटांगणाचे.

किशोर उठला आणि फोन कानाला लावून गाडीकडे चालू लागला. फोन कुणाला लागतोय, हे प्रबुद्धला कळत होतं. साहेबही त्याच्या मागोमाग गेले. प्रबुद्ध व्यासपीठाच्या पायरीवर मटकन बसला.

ठकूबाईने त्याचे बूट उचलून आणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"आत्या, एवढं जीव तोडून सांगितलं," तो म्हणाला. "एकदा तरी माझं ऐकायचं होतं."

म्हातारीने आजूबाजूला पाहिलं. साहेब लांब गेल्याची खात्री केली. मग खाली वाकून, डोळे मिचकावत, हळू आवाजात म्हणाली, "ऐकलं की रं. रस्त्याव बसायच्या आदी माझ्या ओट्यावर तूच सांगून ठेवलं व्हतंस ना, मी चपला काढून बोललो तर त्ये माझं बोलनं नाय, माझ्याकडनं वदवून घेतलेलं हाय, तुमी उलटं करायचं. या बाया म्हनत व्हत्या, आता त्यो इसरला असंल. मी म्हनलं, प्रबुद्ध नाय इसरायचा."