सात नंबरचा डबा

“वहिनी, हे दोन आणि सात म्हणजे डब्यांचे नंबर ना?”

आशाने लॅपटॉपकडे बघत सहज विचारलं. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला ती लसूण सोलत बसली होती, दुसऱ्या टोकाला प्रज्ञा ईदच्या सुट्टीतल्या इटलीचं बुकिंग करत होती. पाच दिवस, तीन शहरं. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. विमान झालं होतं, हॉटेलं झाली होती, आशासकट चौघांचे व्हिसाही आले होते. राहिल्या होत्या त्या मधल्या ट्रेन.

“हो गं,” प्रज्ञा म्हणाली. “आम्ही तिघं दोनमध्ये, तू सातमध्ये. ट्रेन एकच आहे.”

ट्रेन एकच आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

दोन नंबरचा डबा बिझनेस क्लासचा. तिच्या नवऱ्याने, विघ्नेशने कालच सांगून टाकलं होतं, आपण तिघं आरामात बसू, आशाला साधी सीट घे, दीड-दोन तासांचा तर प्रवास, तिला काय फरक पडतोय! आणि प्रज्ञाला ते अगदी पटलंही होतं. अबुधाबीतल्या कितीजणी कामवाल्या बाईला घरी कुलूप सांभाळायला ठेवून जातात. आपण तिला इटली दाखवतोय, हे काय कमी झालं? आशा गुहागरकडची. सहा वर्षं ती याच घरात राहत होती आणि प्रज्ञाच्या लेकीला, शुभ्राला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं.

“बरं,” आशा म्हणाली. आणखी दोन पाकळ्या सोलून झाल्या. “मग कुठे उतरायचं ते मला कसं कळणार?”

“अगं, बोर्ड असतात. मी तुला कागदावर लिहून देईन ना.”

“आणि तुम्ही उतरलात, मी आतच राहिले तर? गाडी पुढे जाते ना?”

“लगेच फोन करायचा मला.”

बोलली आणि प्रज्ञाने जीभ चावली. आशाचा फोन घरातल्या वायफायवर चालायचा. इटलीसाठी रोमिंग घेतलं होतं ते नवराबायकोचं.

“आणि टीसी आला, पासपोर्ट मागितला तर?” आशाच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजी काय करू, असं विचारावं तसं ती विचारत होती. “तो तुमच्याकडे असतो ना, कपाटात.”

प्रज्ञाचे कान तापले. सहा वर्षांत तो पासपोर्ट आशाच्या हातात पडायचा तो फक्त विमानतळावरच्या रांगेत, आणि रांगेतून पलीकडे गेलं की प्रज्ञा तो परत मागून घ्यायची. हरवेल, म्हणून. आजवर तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. 

“ममा, ओन्ली फोर मिनिट्स लेफ्ट,” स्क्रीनवरचं घड्याळ बघत सात वर्षांची शुभ्रा म्हणाली. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर धरलेल्या सीट सुटणार होत्या.

प्रज्ञाने पुन्हा सीटचा नकाशा उघडला. दोन नंबरच्या डब्यात त्यांच्या तिघांसमोरची चौथी सीट रिकामीच होती.

“विघ्नेश,” तिने सोफ्याकडे बघत हळूच विचारलं, “हिची पण इथेच घेऊ का?”

“आता परत कुठे सगळं चेंज करतेस?” विघ्नेशने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “आणि अख्खा वेळ समोरासमोर बसायचं म्हणजे... फॅमिली टाइम आहे ना यार. यल्ला, चल, पे कर.”

आशा चार फुटांवर बसली होती, आणि ती काही बहिरी नव्हती.

हिने आता काहीतरी बोलावं, असं प्रज्ञाला वाटलं. चिडावं, निदान तोंड तरी पाडावं. पण आशाने सालं ओंजळीत गोळा केली आणि उठता उठता म्हणाली, “असू दे हो वहिनी. मी बसतच नाही. चढले की दारातच उभी राहते, म्हणजे तुम्ही उतरताना दिसाल मला. उगाच कशाला घोळ घालताय?”

“बघ! प्रॉब्लेम खलास,” विघ्नेश म्हणाला.

प्रज्ञाने पैसे भरले. ओटीपी आला, टाकला, झालं. बोट जरासुद्धा अडखळलं नाही, याचीच तिला मागाहून जास्त लाज वाटली.

मग तिच्याने बसवेना. बेडरूममध्ये जाऊन तिने कपाट उघडलं, दागिन्यांच्या डब्याखालून आशाचा पासपोर्ट काढला. हा आता तिच्याकडेच राहू दे, असं ठरवल्यावर तिला थोडं हलकं वाटलं. केवढं मोठं मन आपलं! तो घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली.

आत आशाचा गावाकडे व्हिडिओ कॉल चालला होता. तेलाच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमधून तिची लेक विचारत होती, “आई, ट्रेनमध्ये तुझ्या बाजूला कोण बसणार?”

“कोण म्हणजे? वहिनी,” आशा म्हणाली. “बाजूला वहिनी, समोर दादा, आणि शुभ्रा माझ्या मांडीवर. ती काय दुसऱ्या कुणाकडे जाते थोडीच!”

“खरंच? सगळे एकत्र?”

“मग? मला एकटीला कुठे बसवतील होय त्या?”

प्रज्ञा दारातच थिजली. आल्या पावली मागे फिरावं म्हणेपर्यंत आशाने वर पाहिलं. ती दचकली, तिचा चेहरा खर्रकन उतरला. घाईघाईने फोन बंद करून तिने ओले हात कुर्त्याला पुसले.

“सॉरी वहिनी,” खालमानेने ती म्हणाली. “तिला असंच सांगितलं.”