एल्वुडची होडी

आफ्रिकेत, घानातल्या टेशी गावात माणसानं जन्मभर जे काम केलं, त्याची खूण असलेल्या आकाराची शवपेटी त्याच्यासाठी घडवतात. नवरा गेला तेव्हा व्हर्लीननं नार्टे सुताराकडे होडी मागितली.

"होडी नाही देता येत, मावशी," रंधा खाली ठेवत नार्टे म्हणाला. "ती कोळ्याच्या पोटी जन्मलेल्यालाच. दिली, तर गावातले म्हातारे मलाच जाळ्यात गुंडाळून समुद्रात टाकतील."

"अरे, इतकी वर्षं रोज पहाटे तुमच्याबरोबर जाळं ओढलं त्यानं! याच मातीत जायचं म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं. पोटच्या लेकीनं बोलणं टाकलं."

नार्टेचे डोळे भरून आले. "तुम्ही काळजी करू नका. एल्वुडकाकासाठी असं काही करतो, की सारं गाव बघत राहील."

त्यानं खरोखरच जीव ओतला. अंत्ययात्रेला लोटलेली माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली. गोल खिडक्यांचं, शेपटीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेलं पांढरंशुभ्र विमान तरुणांनी खांद्यावर नाचवत नेलं.

मासेवाल्या कोरकोरनं व्हर्लीनला पोटाशी धरलं. "रडू नकोस गं. बघ, आता कसा आरामात आपल्या घरी पोचेल!"