लंकाबाईचा आवाज

सायखेड्याच्या कारभारींची बायको लंकाबाई वारली आणि तिचा आवाज नाशिकच्या शेतकी संस्थेतल्या कॉम्प्युटरवर तेवढा उरला: शेवंतीच्या लागवडीवरची मुलाखत. दर महिन्याला एसटीने येऊन कारभारी ती ऐकत. २००८ साली व्हायरसने त्या कॉम्प्युटरवरच्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रूपालीने आधी नेटवर्कची वायर उपटली, बाकीची मशीनं वाचवली. "ताई, एकदा उघडून तर बघा," कारभारी कळवळले. "नाही काका. व्हायरसने कुलूपबंद नक्कल ठेवून मूळ फाइल पुसलीय, पण पुसलेलंही काही काळ डिस्कवर राहतं; हात लावला तर तीही जाईल, पोलिसांचा पुरावाही." तिने डिस्क पाकिटात घालून सील केली. पाकिटावर तळवा ठेवून ते बराच वेळ बसले. पाच महिन्यांनी पोलिसांच्या तज्ज्ञांना डिस्कच्या नकलेतून मुलाखत सापडली. रूपालीने त्यांच्या कानांना हेडफोन लावले. "अहो, चालू हाय का हे?" लंकाबाईने विचारलं. "हाय, बोल तू," कारभारी म्हणाले.