नदीत फेकलेला ऑटोस्विच

"तुमाले खोटंच वाटन, पण गोपालचा सूड म्या कवाच घेतला!" समोर बसलेल्या गोपालकडे पाहत हिंमतरावांनी मांडीवर थाप मारली. वरवट बकालचे शेतकरी चिडून त्यांच्या ओट्यावर जमले होते, कारण शेतातल्या मोटारींना वीज देणारी डीपी आज पुन्हा जळाली होती. लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपीवर भार येऊ नये म्हणून सरकारनं मोटारींचे ऑटोस्विच काढायला लावले, गावानंही पाळीनं मोटारी चालवायचं ठरवलं. तरी कोणाची तरी मोटार लाइट येताच आपोआप सुरू होत होती.

"मागच्या साली गोपालच्याच ऑटोस्विचनं डीपी जळाली, माहा गहू वाळला. मंग म्या त्याच्या मोटारीच्या पेटीतून तो उपटला अन् पूर्णेत फेकला. पाणी असं उकळलं, का मासे शिजून वर आले! आता लाइट आली का हा गोपाल बटन दाबाले वावरात पयते."

सगळे गोपालकडे पाहून खदखदले. गोपालनं दात खाल्ले.

"हा नाही, तं मंग कोन बे?" एकानं काठी आपटली. "सापडू द्या त्याले, तंगडंच मोडतो!"

तेवढ्यात हिंमतरावांच्या पत्नी सोजराबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"अवो, लबाड काऊन बोलता? नदीत कुठी फेकला? आपल्याच मोटारीले तं लावला ना तुमी!"