नायेफची अट

"दार अरुंद आहे म्हणून वाचलो, नाहीतर हे लोक गाड्यांसकट बैठकीत शिरले असते," औदा काका पुटपुटले. "माफी मागायला आलेत की दम द्यायला?"

नायेफने दारातून बाहेर पाहिलं. अंगणात नऊ गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या सात एकाच जातीच्या, उंटाच्या उंचीच्या, नाकाड वर काढून बघणाऱ्या. तसल्याच एका गाडीने चाळीस दिवसांपूर्वी, संध्याकाळी, कराकच्या घाटात फवाजची छोटी टॅक्सी मागून उडवली होती. फवाज म्हणजे नायेफचा धाकटा भाऊ. टॅक्सी उलटून उतारावर गेली. मेंढपाळांनी नवराबायकोला ओढून बाहेर काढलं, पोलीस नंतर आले. फवाज तिथेच गेला. त्याची बायको नुजूद डाव्या खांद्याचं हाड मोडून वाचली.

"मागे येऊन चिकटतात," काकांचं चालूच होतं. "डोळ्यांत दिवे खुपसतात. हट बाजूला, भिकारड्या! परवा मी घाबरून खड्ड्यात उतरलो. गाढव उभं होतं कडेला, तेसुद्धा हसलं माझ्याकडे बघून."

"काका, पाहुणे ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांच्यासाठीच बोलतोय."

पाहुणे तीसेक होते. मधोमध म्हातारे शेख दैफुल्ला, आणि त्यांच्या शेजारी लैथचे वडील. ती मोठी गाडी लैथ चालवत होता. बावीस वर्षांचा पोरगा, तेव्हापासून तुरुंगात. वडिलांनी आल्यापासून सतरंजीवरची नजर उचलली नव्हती.

शेखांपुढे कॉफीचा चिमुकला पेला आला. त्यांनी तो न पिता जमिनीवर ठेवला. रीतच तशी. मागायला आलेल्याने शब्द मिळेपर्यंत कॉफीला ओठ लावायचा नाही. नायेफने शब्द दिला, तर पेला रिकामा होणार आणि लैथ घरी येणार. नाही दिला, तर कॉफी निवणार आणि पाहुणे उठणार.

"नायेफ, लेका," शेख म्हणाले, "चूक आमची. सगळी आमची. आमच्या पोराने तुमचं माणूस नेलं. आम्ही मान खाली घालून आलोय."

हीसुद्धा रीत. मागायला आलेल्याने वाद घालायचा नाही. पहिल्या दिवशी पोलिसांना लैथ म्हणाला होता, की पुढच्या टॅक्सीने मोकळ्या रस्त्यावर एकाएकी ब्रेक दाबला. आज त्याच्या माणसांपैकी एकानेही ते तोंडातून काढलं नाही. काढलं नाही म्हणूनच ते बैठकीभर पसरलं होतं, तव्यावर काही करपल्यासारखं.

नायेफला तर चाळीस दिवस तोच वास येत होता. त्याला आपला भाऊ माहीत होता. एकोणीस वर्षांत फवाजने टॅक्सीचं चाक सख्ख्या भावाच्या हाती दिलं नव्हतं. आणि मागून मोठ्या गाडीने दिवे मारले, की तो बाजूला होत नसे. मिशीत हसायचा, ब्रेकला पाय लावायचा. "जरा अद्दल घडवू." नुजूद त्याचं मनगट धरायची, "जाऊ दे ना. त्यांना घाई आहे, आपल्याला कुठेय?" ईदच्या जेवणात तिनेच हे नक्कल करून सांगितलं होतं आणि सगळं घर हसलं होतं. आता ते हसू कुणालाच आठवायचं नव्हतं.

मेलेला माणूस स्वतःसाठी भांडू शकत नाही. ते भावानेच करायचं. नायेफने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"शेख, तुमचा शब्द माझ्या डोक्यावर," तो म्हणाला. "पोराला मी सोडतो. मला एक कवडी नको. पण एक अट आहे. त्याने न्यायाधीशासमोर लिहून द्यायचं, की ब्रेकची गोष्ट त्याने रचली. माझ्या भावाची काही चूक नव्हती."

लैथच्या वडिलांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पण पोरगा शपथेवर सांगतो..."

शेखांचा हात त्यांच्या गुडघ्यावर पडला. ते थांबले. जन्मभर पोरावर खोटारडा म्हणून शिक्का बसणार होता. गावात, कामावर, लग्नाच्या बोलणीत. पण पोरगा घरी येणार होता.

"लिहून देईल," वडील म्हणाले. आवाज असा, की औदा काकांनीसुद्धा तोंड फिरवलं.

शेखांनी पेला उचलला. छातीवरचा दगड आता हलेल असं नायेफला वाटलं होतं. तो हलला नाही.

"थांबा. पिऊ नका."

बायकांच्या बाजूचा पडदा सरला होता. काळ्या कपड्यांत, हात गळ्यात अडकवलेली नुजूद उंबऱ्यात उभी होती. नवरा जाऊन चाळीस दिवस झालेली बाई परक्या पुरुषांसमोर आली, तशा सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या.

"पोरी, आत हो," औदा काका अर्धवट उठले. "काही रीतभात?"

"पोरगा खरं बोलला, काका. टॅक्सीने ब्रेक मारला होता."

कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. नायेफ ताडकन उठला. ती काय सांगणार, हे त्याला कळलं होतं, आणि ते या लोकांसमोर नको होतं.

"नुजूद, तो मातीखाली आहे. त्याला दोष देऊ नकोस. हात जोडतो."

"देत नाही, दादा." तिचा आवाज कापत नव्हता. "त्याच्या अंगात ताप होता. मागच्या सीटवर आडवा झाला होता, बिचारा झोपेत होता. आयुष्यात पहिल्यांदा चाक माझ्या हाती दिलं होतं त्याने. मागून दिवे चमकले. एकदा, दोनदा, तीनदा. एकोणीस वर्षं मी त्याला जाऊ दे, जाऊ दे म्हणत आले... आणि त्या दिवशी ब्रेक मी दाबला."